हिरव्या पानाची डबी

आमच्या घरात गांजाचं पान पहिल्यांदा आलं ते कुरिअरनं.

कुरिअरवाला आमच्या गावात येत नाई. तो शेलूबाजारच्या एका दुकानात पुडकं टाकून देते, अन् दुकानदार फोन करते, का तुमचं काहीतरी आलं, घेऊन जा, जागा अडून राह्यली. मी जीपमधी बसून गेलो, पुडकं मांडीवर घेऊन आलो अन् बुढीच्या हाती देल्लं. बुढी म्हंजे माही बायको. ती तवा जिती होती.

पुडक्यातून काचेची डबी निंघाली. पांढरं झाकन, अन् झाकनावर हिरवं पान काढलेलं. हाताच्या पंजासारखं, कडेकडेनं दातरे. ते पाह्यलं अन् म्या आधी दार लोटून घेतलं. म्या जन्मात कधी ओढला नाई, पन यात्रेत बाबा लोकांच्या पालामांगं ते झाड पाह्यलेलं हाय. थेट अंबाडीवानी दिसते. अंबाडी समजून कोन्या बाईनं त्याची भाजी केली तं घरच्या घरी यात्रा भरन.

"हे गांजा व्हय," म्या म्हनलं. "हात नोको लावू."

बुढीनं झाकन उघडून वास घेतला. "तुमच्या पोरीनं धाडलं. मलम हाय, हाताच्या भेगाईसाठी."

"पोलीस आले म्हंजे?"

"आले तं चहा मांडीन."

"तुले धरून नेलं तं?"

"मंग तुमाले भाकर कोन टाकून देईन, तेवढं इचारून घ्या त्याईले."

असं म्हनून तिनं करंगळी डबीत घातली. करंगळीच, कारन बाकीची बोटं कांडीकांडीवर तडकलेली होती. लुगड्याचा धागा भेगेत अटकला का ती "स्स" करे अन् मंग धाग्यालेच शिव्या देये. करंगळी तेवढी साबूत राह्यली होती.

त्या संध्याकाळी मी तिच्यावर डोळा ठेवून बसलो. चूल पेटवताना हसली का? नाई. चालताना तोल गेला का? नाई. ताट वाढून आनलं, म्या पहिला घास घेतला, अन् वरनात मीठ नाई. म्या मनात म्हनलं, चढली.

"कसं वाटून राह्यलं?" म्या हळूच इचारलं.

"कोनाले?"

"तुले. डोकं गरगर करते का?"

"गरगर नाई करत, तापलं हाय. मीठ सरलं, मीठ सरलं म्हनून परवापासून सांगून राह्यली, तं तुमच्या कानात कापूस."

म्या अळनी वरन खाल्लं अन् पोरीले फोन लावला.

पोरगी आमची पुन्याले राह्यते. मलमं अन् क्रीमा घोटतात अशा एका कारखान्यात कामाले हाय. तिथं राहून तिची बोली पुन्याची झाली, म्हंजे आमच्यासंगं बोलताना ती जरा चप्पल काढून बोलल्यासारखं बोलते. म्या म्हनलं, बाई, तू मायले गांजा धाडला.

ती हसली. "बाबा, दिवाळीत अनारशाला आई काय लावते?"

"खसखस."

"खसखस कशाचं बी असते?"

"अफूचं."

"मग अनारसे खाऊन तुम्ही कधी झिंगला का?"

"झिंगलो नाई. पन झोप येते."

"ती ताटभर खाल्ल्यावर येते, बाबा! हेही तसंच समजा. झाड एकाच जातीचं, पण वाण वेगळा. भोपळ्याची एक वेल गोड असते अन् एक कडू, पानावरून कळते का? या वाणाला हेम्प म्हणतात. नशा ज्यानं येते त्याला टीएचसी म्हणतात, तो यात जवळपास नसल्यासारखाच. दुसरा एक भाग असतो, सीबीडी. त्यानं नशा येत नाही. तो झाडातून काढून या मलमात घातलाय. आणि वरून लावलेलं कातडीतच राहतं. डोक्यात जात नाही."

"डोक्यात जात नाई तं मंग लावाचं कायले?"

"आईच्या भेगा डोक्यात आहेत का?"

तिकडून बुढी हसली. फोन स्पीकरवर होता, मले ठाऊक नोहतं.

मंग पोरीनं सगळं समजावून सांगतलं, अन् त्याच्यात एक गोष्ट मले पटली, का तिनं खोटं काई सांगतलं नाई. ती म्हने, यानं खाज अन् लाली कमी होते म्हनतात, कोनाले होते, कोनाले होत नाई, पक्कं अजून सांगता येत नाई. भेगा भरतात त्या मुख्य तं त्यातल्या मेनानं अन् तेलानं. काही डब्याईत तं निस्तं बियाचं तेल राह्यते, त्यात ते सीबीडी नसतेच, पन झाकनावर पान मात्र एवढं थोरलं. म्हनून डबीवरचं बारीक लिवलेलं वाचाचं, लायसनचा नंबर पाहाचा. पहिल्यांदा कोपराच्या आतून जरासं लावून एक दिवस थांबाचं, चुनचुन झाली तं धुवून टाकाचं.

"आणि खायचं नाही," ती म्हने. "आई, हे बाबांना मुद्दाम सांग."

"म्हंजे नशा नाई, जादू नाई, अन् औषध हाय का नाई ते बी पक्कं नाई," म्या म्हनलं. "मंग पान कायले काढलं? गरीब गायीचं चित्र काढाचं."

बुढीच्या भेगा हिवाळा सरता सरता भरल्या. पानानं भरल्या का मेनानं, का पोरीनं धाडलं म्हनून भरल्या, ते मले सांगता येत नाई. ती रोज जेवनं झाल्यावर डबी घेऊन बसे. लिंबासारखा, जरा कापरासारखा, अन् त्याच्या खाली कापलेल्या गवतासारखा वास घरभर येये. मंग माह्या पायाकडं पाहून म्हने, "टाचा पाहा तुमच्या. सतरंजी फाटून राह्यली. लावा थोडं."

"मी गांजा लावत नाई."

"नोका लावू. मी काय तुमच्या टाचेले नवरी पाहून देनार हाय?"

दुसऱ्या हिवाळ्यात पोरीनं नवी डबी धाडली. ती अर्धी झाली अन् बुढी गेली. चहाचं आधन ठेवलं, भितीले टेकली, अन् आधन आटलं तरी उठली नाई. याच्या पुढचं मले लिवता येत नाई, अन् लिवाचं बी नाई.

डबी तशीच राह्यली. तेरवीच्या नंतर म्या एकदा उघडून पाह्यली. मलम वरून सारवल्यासारखं सपाट, अन् मधात एक खड्डा. करंगळीएवढा. एका बाजूनं नखाची रेघ बी दिसे. तिची लुगडी बाया-बापुड्याईले वाटून टाकलं, चपला पोरगी घेऊन गेली, पन तिचा हात असा नेमका उमटलेला दुसऱ्या कशातच नोहता. मंग माहा नेमच पडला. सकाळी तोंड धुतलं का डबी उघडाची, खड्डा पाहाचा, झाकन लावाचं. देवाले हात जोडाचे ते त्याच्यानंतर. त्या खड्ड्यात मी कोनाचं बोट जाऊ देनार नोहतो. माहं बी नाई.

अन् नेमकी तवाच मले खाज सुटली. पिंढऱ्या खाजवू खाजवू लाल, टाचा तं अशा फाटल्या का चालताना खडे अटकत. पोरगी रोज फोनवर इचारे.

"आईची डबी आहे ना? लावता का?"

"लावतो."

"फरक पडला?"

"पडला ना."

"टाचेचा फोटो पाठवा बरं."

"ह्या फोनमधी टाच येत नाई. तोंडच येते."

आमच्या शेजारी माहा लंगोटीयार राह्यते. त्याच्या पोरानं बैल इकून ट्रॅक्टर आनला, तवापासून तो माह्याच बैलाले आपला समजते. एके सकाळी तो खिडकीतून डोकावला, तं मी हातात डबी धरून बसलेलो. त्याले झाकनावरचं पान तेवढं दिसलं. तो सरका देवळाच्या ओट्यावर गेला. दुपारलोक साऱ्या गावाले ठाऊक, का बायको गेल्यापासून बुढा पानावर लागला.

मंग लोक भेटाले येऊ लागले. तेरवीले आले नोहते ते बी आले. एक भजनी बुढा बसला, माह्या बायकोची आठोन काढली, डोळे पुसले, अन् उठता उठता म्हने, "माहा गुडघा लय दुखते गड्या. जरासं…" अन् डोळा मारला. दुसऱ्यानं तं सरकंच इचारलं, "लावाचं राह्यते का चाटाचं?"

शेवटी पोलीस पाटील आला.

"काका, तक्रार हाय."

"कोनाची?"

"तक्रार म्हंजे… चर्चा हाय."

म्या डबी आनली, पन त्याच्या हाती देल्ली नाई. झाकन उघडून आपल्याच हातात धरली. "दुरून पाह्य." त्यानं नाक पुढं केलं. एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. तोंड असं उतरलं जसं वरातीत जेवन नाई. "हे तं डोकेदुखीच्या बामसारखं लागते." उठला, दारापर्यंत गेला, मंग बाही वर करून परत आला. "खरूजले चालते का हो काका?"

म्या झाकन लावलं. "चालत नाई. कायदा हाय."

त्याच्यानंतर म्या ठरवलं, डबी घरात ठेवाची नाई. गोठ्यात एक कोनाडा हाय, बुढी तिथं बैलाची हळद ठेवे. तिथं ठेवली. अन् लय हुशारी करून पानाचं झाकन काढलं, लोनच्याच्या बरनीचं झाकन बसवलं. आता कोनी पाह्यलं तरी कोनाले काय समजन! मी माह्या अकलेवर असा खुश झालो का दिवसभर एकटाच शीळ घालत फिरलो.

पोळा आला. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात. जू घासून घासून बैलाची मान निबर झालेली राह्यते. तिथं लोनी अन् हळद पळसाच्या पानानं चोळाची, अन् बैलाले म्हनाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माह्याकडं एकच बैल उरला, तो बी म्हातारा. जोडीतला दुसरा मेला तवा याले इकू म्हनलं, तं बुढी म्हने, आधी मले इका. दरसाल ती साय जमवून जमवून त्याच्या खांद्यापुरतं लोनी काढे. त्यातलं मले चाटू देत नसे.

औंदा घरात दूध येते ते चहापुरतं. म्हनून मी वाटी घेऊन चुलत भावजयीकडं लोनी मांगाले गेलो. तिनं बसवलं, चहा पाजला, सुनेची गाऱ्हानी सांगतली. वाटी भरून परत येईलोक दिवस कलला.

गोठ्यात पाह्यतो तं माहा यार बाह्या सारून उभा. बैलाची मान चकचक करून राह्यली. अन् वास. लिंबाचा, कापराचा, कापलेल्या गवताचा.

"झालं रे बुढ्या," तो म्हने. "तुही वाट पाहत राह्यलो असतो तं पोळा फुटला असता. आवतन बी देऊन टाकलं."

"लोनी कोठचं?" म्या इचारलं.

"कोनाड्यात होतं ना, लोनच्याच्या झाकनाचं. वहिनीच्या हातचं उरलं असन म्हनलं. जरा जुनं झालं, हिरवट मारते. पन लागलं मस्त."

म्या डबी उचलली. भाकरीनं ताट पुसावं तशी आतून पुसलेली. काच दिसत होती.

"कोनं सांगतलं होतं तुले!" मी अशा आवाजात वरडलो का बैलानं मान फिरवली. "कोनं सांगतलं! लोकाईच्या कोनाड्यात हात घालाले तुले लाज नाई वाटत?"

"अरे, तुह्याच बैलाले लावलं! माह्या बायकोले नाई लावलं!"

"ते लोनी नोहतं!"

"मंग काय होतं?"

"पानाची डबी व्हय ते!"

त्यानं दोन्ही हात आंगापासून दूर धरले, जसे ते दुसऱ्याचेच हायत. "गांजा? अरे देवा. म्या तं हात मिशीले पुसला!"

मले काय गेलं ते त्याले सांगता येईना. खड्डा गेला म्हनू? खड्ड्यासाठी कोनी रडते का? गावात तं खड्डा बुजला म्हंजे लोक नारळ फोडतात. मी पेंडीच्या पोत्यावर बसलो, एका हातात लोन्याची वाटी, दुसऱ्या हातात रिकामी डबी.

त्याले वाटलं, मी बैलाच्या काळजीनं बसलो. तो बी बैलाच्या तोंडापुढं उकिडवा बसला अन् पाहू लागला.

"डोळे मिटून राह्यला गड्या."

"तो सदाच मिटते."

"लाळ गळून राह्यली."

"बैल हाय तो."

"पाय लटपटून राह्यले त्याचे."

"तुह्ये पाह्य आधी."

"अन् हे काय चावून राह्यला?"

आता मी बी उठलो. ज्या पळसाच्या पानानं यानं मान चोळली होती, ते पान अर्धं बैलाच्या तोंडात होतं अन् अर्धं पोटात गेलं होतं. खाचं नाई, पोरगी म्हनली होती. म्या फोन लावला.

"मलम खाल्लं," म्या म्हनलं.

"तुम्ही?"

"मी नाई. बैलानं."

"बाबा, बैलाला मलम का खाऊ घातलं?"

"खाऊ नाई घातलं. लावलं. मी नाई लावलं."

माहा यार फोनजवळ तोंड आनून वरडला, "बेटा, म्या लावलं! माह्या मिशीले बी लागलं! मी राहीन का जाईन?"

पोरगी जे हसली ते थांबेचना. "राहाल काका, राहाल. मिशी धुऊन घ्या. बैलाला पाणी पाजा, चारा खातो का पाहा, सुस्तावला तर ढोरांच्या डॉक्टरला बोलवा. मी बैलाची डॉक्टर नाही, पण पानाला लागलं तेवढ्यानं…" अन् बोलता बोलता ती थांबली. "बाबा. ती आईची डबी ना? ती तर अर्धीच होती. तुम्ही रोज टाचेला लावत होता. मग बैलाच्या मानेला पुरेल एवढं उरलं कसं?"

म्या रिकाम्या डबीले लोनच्याचं झाकन लावलं.

तिच्या जिभेवरून पुनं घसरून गेलं. "बा, खरं सांगा. लावलं का एकडाव तरी?"

"नाई."

"काहून?"

"तुह्या मायचं बोट होतं त्याच्यात."

माहा यार मिशी पुसता पुसता थांबला. तेवढ्यात बैलानं शेपटी उचलून आपलं काम उरकलं, अन् त्याच्या पोटाची तरी आमची काळजी मिटली.

"दुसरी धाडू का?" पोरीनं इचारलं.

"नोको," म्या म्हनलं अन् फोन ठेवला.

माहा यार उठला नाई. पानी पाजलं, कडबा टाकला, बैल खाऊ लागला, तरी तो तिथंच. खाली पाहून म्हने, "दरसाल याच्या मानीले वहिनीच्या हातचं लागे. औंदा बी तिच्याच डबीतलं लागलं. बैलाले तं काई फरक पडला नाई."

"तू गप राह्य."

"गपच हाय." जरा वेळ खरंच गप राह्यला. मंग म्हने, "मिशीले वास मस्त येऊन राह्यला पन."

मले हसू आलं. कायले आलं ते ठाऊक नाई. वाटीतलं लोनी आमी दोघांनी तिथंच चाटून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तोरनाखाली सारे बैल उभे केले. बाकीच्या बैलाईले शेनाचा, घामाचा, रंगाचा वास, अन् माह्या बैलाले बामचा. शेजारचा खोंड सारा वेळ याची मान चाटत राह्यला. लोक येत, नाक लावत, एकमेकाईकडं पाहात. माह्या यारानं कोनाले काई सांगतलं नाई असं तो शपथ घेऊन सांगते, म्हंजे साऱ्याईले सांगतलं. पोलीस पाटील बी आला, बैलाच्या मानीचा वास घेतला अन् म्हने, "काका, चर्चा खरी होती म्हना." आमचा बैल मात्र ताठ उभा. दरसाल तोरनाखाली तो बसकन मारते, औंदा मारली नाई. सारे म्हनत, नशा हाय. बुढी असती तं म्हनली असती, औंदा वर्षभर कोनी कामाले जुंपलं नाई म्हनून उभा हाय.

पोळा फुटला, बैल घरी आनला. दारात बैलाचे पाय धुवाचं काम बुढीचं. औंदा म्या धुतले. भावजयीनं धाडलेली पुरनाची पोळी त्याच्या तोंडात देल्ली. तो खाऊ लागला अन् म्या त्याच्या मानीवर हात ठेवला. मान अजून चिकट होती. हात नाकाजवळ आनला, तं जेवनं झाल्यावर ती डबी घेऊन बसे तो वास. तिच्या हाताचा असा वास येये.

मी उंबऱ्यावर बसलो. बैलाच्या मानीले हात पुसाचा अन् टाचेले चोळाचा, परत पुसाचा अन् परत चोळाचा. डाव्या टाचेले, उजव्या टाचेले, पिंढरीले. बैल पोळी चावत माह्याकडं पाहात राह्यला, का हा बुढा माह्या मानीवरचं का चोरून राह्यला. लावा थोडं, लावा थोडं, दोन हिवाळे सांगून सांगून थकली. लावलं, बाई.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. तिनं दुसरं काई इचारलं नाई. रोजच्यासारखं म्हनली, "फरक पडला का, बा?"

"खाज कमी हाय," म्या म्हनलं. "पन मधातमधात हंबरावं वाटते."